उघड्यावरच्या मॅक्रोसाठी कॅननची १०० मिमी एल लेन्स

मॅक्रो लेन्सची, म्हणजे लहानशा वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपणाऱ्या लेन्सची, चर्चा बहुतेक वेळा शार्पनेसपासून सुरू होते आणि तिथेच संपते. वास्तविक ९० ते १०५ मिमी या टप्प्यातल्या बहुतेक सर्व नामांकित मॅक्रो लेन्स इतक्या शार्प असतात की, छापील चित्र समोर ठेवले तर कोणते कोणत्या लेन्सचे हे सांगणे अवघड जाते. गवतात गुडघे टेकून, वाऱ्यावर डोलणाऱ्या पात्यावरचा कीटक टिपायचा असतो तेव्हा मात्र लेन्सचा कस वेगळ्याच गोष्टींत लागतो. कीटकापासून किती लांब राहता येते, हाताची थरथर किती सावरली जाते आणि फोकस आपल्या म्हणण्याप्रमाणे थांबतो की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मला कॅननच्या ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम या लेन्सकडून हवी होती.

ही लेन्स २००९ मध्ये आली. वजन ६२५ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ६७ मिमी आणि सर्वाधिक विवर्धन १:१, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, ज्याचा प्रतिमा टिपणारा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, तेवढ्याच आकाराची वस्तू पूर्ण चौकट व्यापते. किमान फोकस अंतर ३० सेंमी दिलेले असले तरी ते सेन्सरपासून मोजलेले असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लेन्सच्या पुढच्या टोकापासून कीटकापर्यंत प्रत्यक्षात जेमतेम १३ सेंमी उरतात आणि हूड, म्हणजे पुढचे प्रकाशरोधक आवरण, लावले की त्यातूनही बरेच जातात. सावध फुलपाखराच्या बाबतीत हे अंतर तोकडे पडते, पण सकाळच्या गारव्यात सुस्तावलेल्या कीटकांना ते पुरते. फोकस करताना लेन्सची नळी पुढे सरकत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे, कारण लांबी वाढणाऱ्या लेन्समुळे नेमक्या शेवटच्या क्षणी कीटक उडून जातो.

या लेन्सचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तिचे हायब्रिड स्थिरीकरण. दूरचे दृश्य टिपताना कॅमेरा किंचित कलला तर चित्र हलते. सरळ वर-खाली किंवा आडवा सरकला तर फारसा फरक पडत नाही. १:१ विवर्धनावर हे गणित बदलते. तिथे कॅमेरा ०.१ मिमी बाजूला सरकला की प्रतिमाही सेन्सरवर साधारण तेवढीच सरकते, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर हे अंतर सोळा-सतरा पिक्सेल भरते. ही लेन्स कलणे आणि सरकणे या दोन्ही हालचाली सावरते. सामान्य अंतरावर चार स्टॉप आणि १:१ वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे शटरची वेळ दुप्पट) असा कंपनीचा दावा आहे. दोन स्टॉप ऐकायला कमी वाटतात, पण १/२०० ऐवजी १/५० सेकंदावर काम भागले की आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, चौपट खाली आणता येतो आणि झाडाखालच्या मंद उजेडात तो फरक चित्राच्या पोतात स्पष्ट दिसतो.

मात्र या सोयीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. वाऱ्याने पाते हलले तर स्थिरीकरण काहीच करू शकत नाही. शिवाय आपले शरीर पुढे-मागे झुलत असते, तेही त्याच्या कक्षेबाहेर आहे. आणि मॅक्रोमध्ये सर्वाधिक चित्रे याच झुलण्याने बिघडतात. फुल फ्रेमवर १:१ विवर्धनाला एफ/११ इतके लहान छिद्र ठेवले तरी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. पहाटे गवताच्या टोकाला बसलेल्या टाचणीच्या (चतुरासारख्या सडपातळ कीटकाच्या) पंखांवर दवाचे थेंब असतात. चित्रात तिच्या डोळ्यांची जाळी स्पष्ट उमटली तर छातीवरचे केस विरघळून जातात आणि केस धरले तर डोळे जातात. सेन्सर तिच्या अंगाला समांतर येईल असा कोन साधला, तरच शेपटीपर्यंतची टाचणी एका चित्रात मावते. यासाठी मी कोपर गुडघ्यावर टेकवतो, फोकस हाताने पक्का करतो आणि श्वास सोडताना किंचित पुढे झुकत चार-पाच चित्रांची मालिका घेतो.

खोली वाढवण्यासाठी छिद्र आणखी लहान करण्याचा मोह आवरावा. १:१ ला एफ/१६ म्हणजे परिणामतः एफ/३२ च्या जवळ जाणे होय. तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, संपूर्ण चित्रच मऊ पडते. कॅननचा कॅमेरा पडद्यावर एफ/१६ हाच आकडा दाखवत राहतो, म्हणून ही गोष्ट सहज नजरेतून सुटते.

फोकसची रिंग रुंद आहे आणि ऑटोफोकस चालू असतानाही ती कधीही फिरवता येते. बाजूला तीन टप्प्यांची कळ आहे: पूर्ण पल्ला, ०.५ मीटरपासून अनंतापर्यंत आणि ०.३ ते ०.५ मीटर. अगदी जवळून ऑटोफोकस वापरताना ही तिसरी जागा वापरलीच पाहिजे. अन्यथा मोटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोध घेत बसते आणि तोवर कोळी पानाखाली गेलेला असतो. माउंटपाशी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, पाणी अडवणारी रबराची कडी असल्याने ओल्या गवतात, कॅमेराही तितकाच बंदिस्त असेल तर, मन निर्धास्त राहते.

तिपाईसाठी लागणारी कडी वेगळी घ्यावी लागते. तिपाईवर मॅक्रो करणाऱ्याने ती घ्यावीच, कारण आडव्या चौकटीतून उभ्या चौकटीत जाताना तिपाई न हलवता कॅमेरा आणि लेन्स जागच्या जागी फिरवता येतात. कॅननचे टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसून प्रतिमा मोठी करणारी भिंगे) या लेन्सला बसत नाहीत. १:१ च्या पुढे जायचे तर एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणाऱ्या पोकळ नळीचा, मार्ग आहे. नऊ पात्यांच्या गोलसर छिद्रामुळे फुलांच्या चित्रात पार्श्वभूमी शांत राहते, आणि व्यक्तिचित्रांसाठीही ही लेन्स उत्तम आहे.

२०२१ मध्ये कॅननने आरएफ या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या माउंटसाठी १.४ पट विवर्धनाची १०० मिमी लेन्स आणली. नवा मिररलेस कॅमेरा असेल आणि मुंगीएवढे विषय प्रामुख्याने टिपायचे असतील, तर थेट तीच घ्यावी. ज्यांच्याकडे ईएफ माउंटचा, म्हणजे आरसा असलेला जुना, कॅमेरा आहे, किंवा ज्यांचे विषय चतुर, फुले आणि सुरवंट या आकाराचे आहेत, त्यांनी ही जुनी लेन्स अॅडॉप्टरवरही बिनदिक्कत वापरावी.