शाळेसाठी शिडाचं जहाज: अख्खं पण लहान, की खऱ्या मापाचा तुकडा?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या ज्या शाळांनी पोट्ट्यांना जुनं शिडाचं जहाज दाखवायचं ठरवलंय अन् वर्गणीही जमवलीय, त्यांना एकच ठरवायचं असते, अख्खं जहाज लहान मापात करायचं की त्याचा एकच तुकडा पण खऱ्या मापाचा.

नमुना म्हणून आपल्या नौदलाचं शिवून बांधलेलं शिडाचं जहाज कौंडिण्य घ्या. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून घडवलं, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं, डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं. लांबी साधारण १९.६ मीटर, रुंदी ६.५. दहाव्या मापात दोन मीटरचं मॉडेल होते, गावचा सुतार करून देईल, कपाटात ठेवलं की देखभालीची कटकट नाही, अन् डोलकाठ्या, शिडं, सुकाणू सगळं एका नजरेत दिसते. आंग्र्यांचं गलबत करायचं असेल तर मॉडेलच बरं, चाळीस-पन्नास वल्ह्यांची रांग तुकड्यात कशी दाखवणार?

पण कौंडिण्यचा खरा धडा शिलाईत आहे बाप्पा! फळ्यांना खिळे नाहीत, काठाने भोकं पाडून काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवलेली, सांध्यात काथ्या अन् राळ, आधी फळ्यांचं कवच अन् बरगड्या मागून. हे वर्गातल्या काळ्या फळ्यावर काढून नाही समजत, दोरी ओढली की समजते. म्हणून मी तुकड्याच्या बाजूने आहे, मधला तीन मीटरचा काप करा, पोरं आत उभी राहतील, रुंदी अंगाने कळेल.

पैसा जास्त लागेल हे खरंच, सागवान बल्लारशाच्या डेपोतून आणलं तरी. अन् आपला उन्हाळा! पाण्यात फळ्या फुगून सांधे घट्ट बसतात, इथं मे महिन्यात त्याच फळ्या आकसून फटी पडतील, म्हणून वर टिनाचं शेड अन् खाली सिमेंटचा ओटा पाहिजेच, नाहीतर वाळवी लागलीच समजा. मॉडेलला यातलं काही लागत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावात तरंगवायचं मात्र डोक्यातून काढा, उन्हाळ्यात पाणी उतरते अन् पोरांच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार.

तुकडा ठरला तर लाकूड पक्कं वाळलेलंच मागा, भोकं सुताराला पाडू द्या, शिवायला सातवी-आठवीची पोरंपोरी बसवा, जोडीजोडीने, एक आतून अन् एक बाहेरून.