दारातला बेलिफ आणि फुकटातला सल्ला: काउन्सिल टॅक्स थकला तर इंग्लंडमध्ये मदत कोणाची घ्यावी

काउन्सिल टॅक्स (घरामागे लागणारा स्थानिक कर) थकला, काउन्सिलने म्हणजे स्थानिक प्रशासनाने प्रकरण वसुली कंपनीकडे सोपवलं आणि घरी ‘नोटीस ऑफ एन्फोर्समेंट’, म्हणजे जप्तीची पूर्वसूचना, येऊन पडली. या टप्प्यावर इंग्लंडमध्ये प्रामुख्याने तीन संस्था एक पेनीही न घेता मदत करतात: नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज आणि सिटिझन्स ॲडव्हाइस. शिवाय वसुली काही काळ थांबवणारी ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सरकारी योजना आहे, पण तिचा अर्ज सल्लागारामार्फतच करावा लागतो. या सगळ्या सेवा कामाच्या आहेत, मात्र प्रत्येकीचं काम वेगळं आहे. चुकीच्या ठिकाणी फोन केला की आठवडा हातचा जातो, आणि या प्रकरणात आठवड्याची किंमत 235 पौंड असते. ती कशी, ते आधी पाहू.

महाराष्ट्रातून आलेल्या अनेकांचा पहिला गोंधळ घरपट्टीमुळे होतो. घरपट्टी मालकाने भरायची, हे डोक्यात पक्कं असतं. इथे काउन्सिल टॅक्स सहसा घरात राहणाऱ्याने भरायचा असतो, भाडेकरूनेसुद्धा. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि 7 दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात पैसे गेले नाहीत, तर आणखी 7 दिवसांनी हप्त्यांची सवलत जाते आणि उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स निघतं आणि काउन्सिलला लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हे देणं तुमचं आहे असा कोर्टाचा आदेश, मिळते. समन्स आणि ऑर्डरचा खर्च काउन्सिल तुमच्याच बिलात चढवते. ही ऑर्डर म्हणजे सीसीजे (काउंटी कोर्टाचा कर्जाबाबतचा निकाल) नव्हे आणि ती क्रेडिट रेकॉर्डवर येत नाही. त्यामुळे घर घेताना अडचण येईल या धास्तीपोटी नातेवाइकांकडून उसने घेऊन किंवा क्रेडिट कार्डावर हा पैसा भरण्याची घाई करू नका.

ऑर्डर हातात आली की काउन्सिलकडे अनेक मार्ग असतात: पगारातून कपात, काही सरकारी भत्त्यांतून कपात, घरावर बोजा, किंवा बेलिफ. कायद्याच्या भाषेत बेलिफला आता एन्फोर्समेंट एजंट म्हणतात. त्याची फी 2014 च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने ठरवून दिली. प्रकरण कंपनीकडे गेलं की 75 पौंड. एजंट घरी आला की आणखी 235 पौंड, आणि थकबाकी 1,500 च्या वर असेल तर वरच्या रकमेवर 7.5 टक्के. माल उचलून विक्रीला नेण्याचा टप्पा आला की 110 पौंड आणि पुन्हा तेच 7.5 टक्के. समजा कोर्टखर्च धरून थकबाकी 1,800 पौंड आहे. नोटीस निघाली की ती 1,875 होते. एजंट दारात आला की 2,132 पौंड 50 पेन्स. दार उघडलं की नाही, आत कोणी होतं की नाही, याने या आकड्यात फरक पडत नाही. दर सुधारले जाऊ शकतात, म्हणून नोटिशीवरचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच्या सध्याच्या तक्त्याशी ताडून पाहा.

नोटीस आणि पहिली भेट यांच्यात नियमांप्रमाणे किमान 7 पूर्ण दिवस जावे लागतात, आणि त्यांत रविवार व बँक हॉलिडे मोजत नाहीत. खरी लढाई या दिवसांत असते. आमच्या मते सल्ला सेवेची परीक्षाही इथेच होते: या 7 दिवसांत तिच्यामुळे काय हलतं?

नॅशनल डेटलाइन (0808 808 4000) या कसोटीवर सर्वांत सरस. फोनवर आणि वेबचॅटवर बोलता येतं. बेलिफच्या विषयावरची त्यांची माहितीपत्रकं अचूक आणि सोप्या इंग्रजीत आहेत, आणि कंपनीला पाठवायच्या पत्रांचे नमुने तयार मिळतात. मर्यादा एवढीच, की तुमच्या वतीने ते कंपनीशी भांडत बसत नाहीत. काय लिहायचं, कोणाला, कोणत्या क्रमाने, ते सांगतात, लिहायचं तुम्ही. ज्याला इंग्रजी ईमेल जमतो त्याच्यासाठी ही सेवा पुरेशी आहे.

स्टेपचेंजचा (0800 138 1111) जोर कर्जाच्या एकूण हिशेबावर आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये उत्पन्न, भाडं, किराणा, प्रवास, सगळं भरावं लागतं. ते कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका, कारण त्यातून निघणारं जमाखर्चाचं पत्रक सल्ला संस्था आणि वसुली कंपन्या दोघांच्या ओळखीच्या साच्यात असतं. महिन्याला 60 पौंडच का देऊ शकतो, हे त्या कागदाशिवाय पटवणं अवघड. काउन्सिल टॅक्सबरोबर चार क्रेडिट कार्डं आणि एखादं पर्सनल लोन असेल तर इथूनच सुरुवात करा. पण काउन्सिल टॅक्स हे अग्रक्रमाचं देणं आहे. कार्डांचे हप्ते चुकले तर सहजी दारात जप्ती येत नाही, याचे चुकले तर येते. म्हणून कार्डांचं निस्तरेपर्यंत याला थांबवून ठेवण्याचा बेत करू नका.

सिटिझन्स ॲडव्हाइसच्या शाखेत माणूस समोर भेटतो, आणि सल्लागार तुमच्यासमोर काउन्सिलला फोन लावू शकतो. आजारपण, बाळंतपण, अपंगत्व किंवा इंग्रजीची अडचण असेल तर ही सेवा बाकी दोन्हींपेक्षा उजवी. अडचण वेळेची आहे. शाखा स्थानिक असतात आणि अपॉइंटमेंट कधी मिळेल ते शाखेवर अवलंबून. 7 दिवसांच्या आत मिळत नसेल तर तोवर डेटलाइनला फोन करा, दोन्हीकडून सल्ला घ्यायला मनाई नाही.

आता ब्रीदिंग स्पेस. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही योजना 4 मे 2021 पासून आहे. सल्लागाराने नोंद केली की 60 दिवस वसुली, नवी फी आणि व्याज थांबतं, आणि काउन्सिल टॅक्सची थकबाकी यात बसते. नवराबायको दोघांच्या नावावरचं देणं एकाच्या अर्जात आलं तरी त्या देण्यापुरतं दुसऱ्यालाही संरक्षण मिळतं. बेलिफ थोपवणारी याहून जोरकस सोय दुसरी नाही. पण तिच्यात अपेक्षाभंगाच्या जागा आहेत. संरक्षण नोंदीच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं, फोन केला त्या क्षणापासून नाही. सल्लागार आधी तपासतो की देणं फेडणं खरंच झेपत नाही ना. पैसे आहेत पण द्यायचे नाहीत, अशाला ती मिळत नाही. 12 महिन्यांत एकदाच मिळते. त्या 60 दिवसांत नव्याने येणारी भाडं-वीज-टॅक्सची बिलं भरत राहावी लागतात, आणि मध्यावर, 25 ते 35 व्या दिवसांदरम्यान, सल्लागार फेरतपासणी करतो. त्याचे फोन उचलले नाहीत, ईमेलला उत्तर दिलं नाही, तर संरक्षण रद्द होऊ शकतं. अर्जात एखादं देणं राहून गेलं तर ते उघडंच राहतं, म्हणून काउन्सिलचा खाते क्रमांक आणि वसुली कंपनीचा संदर्भ क्रमांक दोन्ही द्या. प्रत्येक लायबिलिटी ऑर्डर वेगळी असते; दोन वर्षांची थकबाकी म्हणजे दोन ऑर्डरी, दोन संदर्भ.

व्हिसावर असलेल्यांसाठी इथे महत्त्वाची गोष्ट आहे. ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ची, म्हणजे ठरावीक सरकारी मदत न घेण्याची, अट असेल तर काउन्सिल टॅक्स रिडक्शन ही उत्पन्नावर आधारित सवलत मागू नका, ती पब्लिक फंडांच्या यादीत आहे. ब्रीदिंग स्पेस त्या यादीत नाही. एकट्याने राहणाऱ्याची 25 टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफीही त्यात नाही. हा फरक फोनवरच्या प्रत्येक सल्लागाराच्या तोंडावर असेलच असं नाही, म्हणून व्हिसाचा प्रकार पहिल्या मिनिटात सांगा.

त्याआधी एक मूलभूत प्रश्न: हे देणं खरंच तुमचं आहे का? सल्ला सेवांशी बोलणं पटकन बजेटकडे वळतं आणि हा प्रश्न मागे राहतो. सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असलेलं घर माफ असतं. विद्यार्थ्याची बायको किंवा नवरा ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटींमुळे काम करायला किंवा सरकारी भत्ते घ्यायला मनाई असेल, तर अशा जोडप्याचं घरही माफीत बसतं. हे अनेक मराठी कुटुंबांना ठाऊक नसतं. मालकाने खोल्या वेगवेगळ्या करारांवर भाड्याने दिल्या असतील तर टॅक्सची जबाबदारी सहसा मालकाची. यातलं काही लागू असेल तर कागदांसह थेट काउन्सिलला लिहा आणि निर्णय होईपर्यंत प्रकरण कंपनीकडून परत घ्यायला सांगा. समन्स जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे ऑर्डर झाली असेल, तर ती रद्द करण्यासाठी मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो, पण कळल्याबरोबर करावा लागतो.

दारातल्या नियमांबाबत तिन्ही सेवांचा सल्ला एकच आहे, आणि बरोबर आहे. काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत एजंटला दार तोडता येत नाही, ढकलून आत घुसता येत नाही, खिडकीतून येता येत नाही. वेळ सकाळी 6 ते रात्री 9. पण कडी न लावलेलं दार उघडून तो शांतपणे आत आला तर ते कायदेशीर ठरतं. म्हणून नोटीस आली की दाराला कुलूप आणि बोलणं पत्रपेटीच्या फटीतून किंवा वरच्या खिडकीतून. ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, आणि सरकारच्या बेलिफ नोंदवहीत नाव ऑनलाइन तपासा. गावाहून आई-बाबा राहायला आले असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगा. घरातल्या कोणाही मोठ्या माणसाने आत घेतलं तरी तो प्रवेश वैध धरला जाऊ शकतो, आणि पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणणं आपल्या माणसांच्या हाडीमाशी असतं. ज्यांना इंग्रजी समजत नाही अशांची गणना सरकारी मानकांत संभाव्य असहाय व्यक्तींमध्ये होते. अशी व्यक्ती किंवा 16 वर्षांखालचं मूल घरात एकटं असेल तर एजंटने आत यायचं नाही.

एकदा तो आत आला आणि वस्तूंची यादी करून तुम्ही ‘कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट’वर (वस्तू घरातच ठेवून हप्ते भरण्याच्या करारावर) सही केली, की चित्र बदलतं. हप्ता चुकला तर सूचना देऊन तो परत येऊ शकतो आणि तेव्हा जबरदस्तीने आत शिरू शकतो. गॅस किंवा मायक्रोवेव्ह, फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग-अंथरूण, एक फोन, कुटुंबाला पुरतील एवढं जेवणाचं टेबल आणि खुर्च्या नेता येत नाहीत. कामाची साधनं एकूण 1,350 पौंडांपर्यंत सुरक्षित, यात कामाचा लॅपटॉपही बसू शकतो. घरातल्या दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूही नेता येत नाहीत, पण त्या त्याच्या आहेत हे पावतीने दाखवावं लागतं.

सगळ्यात उघड्यावर असते ती गाडी. रस्त्यावर किंवा घरासमोर उभी असेल तर तिच्या चाकाला क्लॅम्प (कुलूप) लागतो, आणि दोन तासांनंतर ती उचलून नेता येते. हायर पर्चेसची (हप्त्यांवर घेतलेली) गाडी हप्ते फिटेपर्यंत फायनान्स कंपनीची असते. कराराची प्रत तयार ठेवा. गाडी तुमच्याच मालकीची असेल तर थकबाकी मिटेपर्यंत ती बंद गॅरेजमध्ये किंवा घरापासून बरीच लांब लावा.

काही जण घाबरून थेट काउन्सिलच्या खात्यात मूळ रक्कम भरतात आणि सुटलो म्हणतात. तसं होत नाही. कंपनीची फी कायद्याने देण्याचा भाग झालेली असते, ती मागे उरते. उलट 75 च्या टप्प्यावर कंपनीला लेखी हप्ता सुचवून पहिला हप्ता लगेच भरला, तर पुढचे 235 टळण्याची शक्यता चांगली असते. कंपनी नकार देईल तर तोच प्रस्ताव काउन्सिलकडे पाठवा. पगारदार असाल तर पगारातून कपात मागण्याचा पर्यायही आहे. त्यात बेलिफची फी नाही, पण नोकरी देणाऱ्याला कळतं आणि दर कडक आहेत. इंग्लंडमधल्या तक्त्याप्रमाणे महिन्याला हातात 2,500 पौंड येत असतील तर पहिल्या 2,020 वर 17 टक्के आणि वरच्यावर 50 टक्के, म्हणजे 583 पौंड 40 पेन्स जातात. दोन मुलांच्या घरात हे झेपेल का, ते आधी कागदावर मांडा.

इंटरनेटवर पैसे घेऊन ‘बेलिफला कायमचं पळवून लावणारी’ पत्रं विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. ‘माझी संमती नाही’, ‘माझा काउन्सिलशी करार नाही’ असली वाक्यं कोर्टात टिकत नाहीत. टॅक्स कायद्याने लागतो, कराराने नाही. तेवढ्यात 7 दिवस मात्र निघून जातात.

एजंटने नियम मोडले, फी चुकीची लावली किंवा आजारी माणसाला सल्ला घ्यायला वेळच दिला नाही, तर तारीख, वेळ आणि त्याचं नाव लिहून ठेवा. मोबाइलवर चित्रण करायला हरकत नाही. आधी कंपनीकडे तक्रार, मग काउन्सिलकडे, आणि समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे. कंपनी काउन्सिलच्या वतीने काम करते, म्हणून जबाबदारी काउन्सिलची, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. घटना कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत ऑम्बुड्समनकडे जायला हवं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे शेरिफ ऑफिसर असतात, कायदा वेगळा आहे, आणि सल्लाही तिथल्याच संस्थेकडून घ्यावा.