दरपत्रक अमेरिकी डॉलरमध्ये की कॅनेडियन? वायव्य ऑन्टॅरिओतल्या मासेमारी लॉजसाठी तुलना

केनोरा, रेड लेक, सू लुकआउट या पट्ट्यातल्या मासेमारी लॉजचं गिऱ्हाईक बहुतांशी सीमेपलीकडचं असतं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, आयोवा इथून लोक गाडीने येतात आणि रोड संपला की बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या फ्लोटप्लेनने पुढे जातात. खर्च मात्र जवळजवळ सगळा सीमेच्या अलीकडचा, कॅनडातला. पगार, पेट्रोल, किराणा, विमा, विजेचं किंवा जनरेटरचं बिल, सगळं कॅनेडियन डॉलरमध्ये. त्यात बुकिंगची रीत अशी की जुने पाहुणे निघतानाच पुढच्या वर्षीचा तोच आठवडा राखून ठेवतात, आणि नवे पाहुणे जानेवारी ते मार्चमध्ये मिनियापोलिस, शिकागो, मिलवॉकीच्या स्पोर्ट शोमध्ये, म्हणजे मासेमारी-शिकारीच्या प्रदर्शनांत, मिळतात. वॉलआय या माशाची मासेमारी या भागात साधारण मेच्या तिसऱ्या शनिवारी खुली होते. म्हणजे भाव आज सांगायचा आणि बाकीची रक्कम सहा ते बारा महिन्यांनी हातात घ्यायची. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा हा व्यवहार. त्या मधल्या काळात दर हलला तर फटका कोणी सोसायचा, हे दरपत्रकावरचं चलन ठरवतं.

आधी आकडे बघा. जेवणासकट एक आठवड्याचं पॅकेज धरू, म्हणजे ज्याला तिकडे अमेरिकन प्लॅन म्हणतात ते. एका लॉजची यादी, म्हणजे दरपत्रक, २,००० अमेरिकी डॉलरची, दुसऱ्याची २,८०० कॅनेडियनची. एक अमेरिकी डॉलर बरोबर १.४० कॅनेडियन असताना दोन्ही सारख्याच. कर अजून धरलेला नाही.

| एका अमेरिकी डॉलरला कॅनेडियन | अमेरिकी यादी: लॉजच्या हाती (कॅनेडियन) | कॅनेडियन यादी: पाहुण्याच्या खिशातून (अमेरिकी) |
|---|---|---|
| १.४४ | २,८८० | १,९४४ |
| १.३७ | २,७४० | २,०४४ |
| १.२० | २,४०० | २,३३३ |
| १.०० | २,००० | २,८०० |

हे दर काल्पनिक नाहीत. जानेवारी २०२५ ची सरासरी १.४४ च्या आसपास होती, त्याच वर्षी जूनमध्ये १.३७ च्या आसपास. १.२० जून २०२१ मध्ये दिसला. बरोबरीचा दर २००७ मध्ये आला आणि २०११ मध्ये तर कॅनेडियन डॉलर काही महिने वरचढ होता. जानेवारी २००२ मध्ये हाच दर १.६० होता. २००२ ते २००७ या पाच-सहा वर्षांत ज्यांनी अमेरिकी यादी जशीच्या तशी ठेवली, त्यांचं उत्पन्न गिऱ्हाईक न घटता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटलं.

अमेरिकी डॉलरची यादी

फायदा उघड आहे. डुलुथचा माणूस मिनेसोटातल्या रिसॉर्टशी तुमची तुलना थेट करू शकतो, आकडा लहान दिसतो, आणि आठ जणांच्या गटाचा म्होरक्या सगळ्यांकडून ठरलेली रक्कम गोळा करू शकतो. वसंतात दर बदलला म्हणून कोणाचा फोन येत नाही. विमानानेच पोचता येतं अशा दुर्गम लॉजमध्ये, जिथे दहातले नऊ पाहुणे अमेरिकी, तिथे ही यादी विकायला निर्विवाद सोपी.

धोका नफ्यात लपलेला असतो. वरच्या उदाहरणात एका पाहुण्यामागे खर्च २,४०० कॅनेडियन धरा. १.४४ ला नफा ४८०, १.३७ ला ३४०. दर पाच टक्के पडला आणि नफा २९ टक्के पडला. हंगामात २०० पाहुणे असतील तर २८,००० कॅनेडियन डॉलर गेले. १.२० ला काम फुकट, आणि त्याखाली प्रत्येक पाहुणा तोट्यात. म्हणून ही यादी छापताना आजचा दर घेऊ नये. आजच्या दरापेक्षा निदान सात-आठ टक्के खालच्या दरावर खर्च सुटतो का ते पाहावं. सुटत नसेल तर भाव कमी आहे, चलन कोणतंही असो.

दुसरी गळती बँकेत. साध्या काउंटरवर किंवा ऑनलाइन खात्यातून अमेरिकी डॉलर बदलले तर बँका बाजारभावापेक्षा साधारण दोन ते तीन टक्के कमी देतात. २,००० वर १३ टक्के एचएसटी (ऑन्टॅरिओतला विक्रीकर) धरून पाहुणा २,२६० अमेरिकी देतो. १.३७ ला त्याचे ३,०९६ कॅनेडियन व्हायला हवेत. अडीच टक्के कापले की ७७ डॉलर बँकेत राहिले. त्यातही एक मेख आहे: कराचे २६० अमेरिकी डॉलर कॅनडा सरकारकडे भरताना बँकेचा नव्हे, अधिकृत दर लागतो. भरायचे ३५६, हातात आले ३४७. कराच्या पैशावरसुद्धा नऊ डॉलर पदरचे. चलन बदलून देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या बहुधा एक टक्क्याच्या आत काम करतात. वर्षाला लाखभर डॉलर बदलणाऱ्याने बँकेच्या काउंटरवर उभं राहण्यात काही अर्थ नाही.

ही यादी चालवायची तर तीन गोष्टी हव्यात: कॅनेडियन बँकेत अमेरिकी डॉलरचं खातं, त्याच खात्यात पैसे जमा करणारी कार्ड-सेवा, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं चलन. यातली दुसरी नसेल तर बाकी दोन्ही कुचकामी. कार्डचे पैसे कॅनेडियन खात्यातच येत असतील तर मधल्या सेवेने आपल्या दराने ते आधीच बदललेले असतात, आणि पुढे अमेरिकेतल्या शोचं भाडं भरताना तुम्ही ते पुन्हा उलटे बदलता. दोन्ही वेळा कात्री.

मिळालेले सगळे डॉलर लगेच बदलायचीही गरज नसते. आउटबोर्ड इंजिनं, त्यांचे सुटे भाग, बोटी, शोचे स्टॉल, तिथली हॉटेलं, जाहिराती यांची किंमत अमेरिकी डॉलरमध्ये असते किंवा त्याच्या मागे धावते. लुंडच्या बोटी तर मिनेसोटातच बनतात. वर्षाच्या खर्चातला असा भाग काढा. तो चौथा हिस्सा असेल तर तेवढे अमेरिकी डॉलर तसेच ठेवा. दराचा धोका तितक्या भागापुरता आपोआप मिटतो.

डिपॉझिट कधी बदलायचं

सगळ्यात जास्त लॉज फसतात ते इथे, यादी कोणतीही असो. डिपॉझिट हे परत द्यावं लागू शकतं तोवर कर्ज आहे, आणि कर्ज ज्या चलनात घेतलं त्याच चलनात फिटतं. जून २०२१ मध्ये पुढच्या हंगामासाठी ५०० अमेरिकी डॉलर घेतले आणि १.२० ने बदलून ६०० कॅनेडियन केले. पाहुण्याने ते एक वर्ष पुढे ढकलले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केलं. तेव्हा दर १.३७ च्या घरात. ५०० परत करायला ६८५ कॅनेडियन लागले. अशी ४० डिपॉझिटं असली तर ३,४०० चा खड्डा. सीमा २१ मार्च २०२० ला बंद झाली आणि अमेरिकी पर्यटकांना, तेही लसीकरण पूर्ण झालेल्यांनाच, ९ ऑगस्ट २०२१ ला उघडली. त्या काळात डिपॉझिटं दोन-दोन हंगाम पुढे गेली होती.

तेव्हा नियम सोपा: परतीची मुदत संपेपर्यंत अमेरिकी डिपॉझिट अमेरिकी खात्यातच. मुदत संपली की बदला, आणि एकदम न बदलता दोन-तीन हप्त्यांत बदला.

पुढचा दर आज बांधून ठेवणारा फॉरवर्ड करार बँक किंवा चलन कंपनी देते. त्यात दर पक्का होतो, पण ठरल्या दिवशी ठरलेले डॉलर द्यावेच लागतात, पाहुणे आले नाहीत तरी. म्हणून तो फक्त परत न होणाऱ्या रकमेपुरता करावा. सगळ्या अपेक्षित उत्पन्नावर केला तर तो जुगार उलट्या दिशेने.

कॅनेडियन डॉलरची यादी

इथे लॉजचा हिशेब स्वच्छ राहतो. खर्च आणि उत्पन्न एकाच चलनात, कराचं विवरणपत्र भरताना गुणाकार नाही, विनिपेग किंवा टोरोंटोहून येणारं गिऱ्हाईक बिचकत नाही. रस्त्याने पोचता येणाऱ्या, स्वतःचं जेवण स्वतः करायच्या केबिनच्या लॉजला, जिथे निम्मे पाहुणे कॅनडाचे, हीच यादी शोभते. कॅनेडियन डॉलर पडलेला असतो तेव्हा ती अमेरिकी पाहुण्याला आपोआप स्वस्तही वाटते.

वाटते, पण त्याने हिशेब केला तर. शोमध्ये स्टॉलसमोरून जाणारा माणूस २,८०० वाचतो आणि पुढे सरकतो. त्यामुळे यादीवर कॅनेडियन हा शब्द आकड्याला चिकटून हवा आणि खाली अंदाजे अमेरिकी रक्कम, ती कोणत्या तारखेच्या दराने काढली त्यासकट. नुसतं डॉलरचं चिन्ह हा भांडणाचा पाया. पाहुणा अमेरिकी समजून बुक करतो किंवा, त्याहून वाईट, अमेरिकी समजून बुकच करत नाही.

पैसे घेताना अडचणी वेगळ्या. पाहुण्याच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचे शून्य ते तीन टक्के लागतात. ते लागत नाहीत असं कार्ड आणायला आधीच सांगावं. मशीनने "तुमच्या चलनात द्यायचे का" विचारलं तर कॅनेडियनच निवडायला सांगावं, कारण त्या सोयीचा दर पाहुण्याच्या बँकेपेक्षा जवळजवळ नेहमीच महाग. कार्डावर परतावा दिला तर तो परताव्याच्या दिवसाच्या दराने बदलतो. तुम्ही पूर्ण कॅनेडियन रक्कम दिली तरी पाहुण्याला चाळीस डॉलर कमी दिसू शकतात. हे अटींमध्ये एका ओळीत लिहिलेलं नसेल तर तक्रार तुमच्याच दारात.

चेकचं तर आणखीच. अमेरिकी माणूस आपल्या खात्यावर कॅनेडियन चेक लिहू शकत नाही, तो अमेरिकीच लिहिणार. मग दर कोणता? काही लॉजवर दर मालकाच्या मनातला असतो: बाजारात १.३७, तिथे १.२५. पूर्वी हे खपायचं. आता समोरच्याच्या हातात फोन आहे, आणि शंभर डॉलरसाठी वीस वर्षांचा पाहुणा जातो.

मधला मार्ग, आणि जो टाळावा तो

दोन स्वतंत्र याद्या छापणं सगळ्यात वाईट. दर हलला की एक यादी स्वस्त होते आणि हुशार पाहुणा तीच निवडतो; फटका नेहमी तुम्हालाच. आकडा एकच ठेवून अमेरिकनांकडून अमेरिकी आणि कॅनेडियनांकडून कॅनेडियन डॉलर घेण्याची जुनी पद्धतही आहे. तिच्यात १.४० च्या दराला कॅनेडियन पाहुण्याला जवळजवळ २९ टक्के सूट पडते. मेच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये रिकामी केबिन भरायला ती ठीक, जुलैत नाही.

आमची पसंती अशी: यादी कॅनेडियन, पण बुकिंगच्या दिवशी बँक ऑफ कॅनडाच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, त्या दिवसाच्या दराने काढलेली पक्की अमेरिकी रक्कम बिलावर, १४ दिवसांत डिपॉझिट भरल्यास बांधील. बँक ऑफ कॅनडा मार्च २०१७ पासून प्रत्येक चलनाचा दिवसाला एकच दर जाहीर करते, त्यामुळे वादाला जागा राहत नाही. पाहुण्याला ठाम आकडा मिळतो, तुमची यादी खर्चाशी जोडलेली राहते, आणि उरतो तो फक्त बाकीच्या रकमेचा धोका. फ्लाय-इन, म्हणजे विमानानेच पोचता येणाऱ्या, लॉजने मात्र अमेरिकी यादीच ठेवावी. तिथल्या गिऱ्हाइकाला मधला मार्ग समजावण्यात निम्मा शो निघून जातो. विमानाच्या इंधनाचा अधिभार तेवढा वेगळा, कॅनेडियनमध्ये लिहावा.

कराचं थोडं. बिल अमेरिकी असलं तरी एचएसटीचा हिशेब कॅनेडियनमध्ये, कर देय होतो त्या दिवसाच्या दराने, आणि पद्धत वर्षभर एकच. डिपॉझिटवर कर ते बिलात वळतं करेपर्यंत लागत नाही. रद्द झाल्यामुळे जप्त झालं तर मात्र रक्कम करासकट धरली जाते आणि तिचा १३/११३ भाग भरावा लागतो. परदेशी पाहुण्याला टूर पॅकेजवर मिळणारा कराचा अंशतः परतावा २०१७ च्या अर्थसंकल्पात बंद झाला. जुने पाहुणे अजून तो फॉर्म मागतात.

शेवटी रोख. गटाचा म्होरक्या आठ जणांची बाकी एकत्र घेऊन निघतो: १,५०० प्रमाणे १२,००० अमेरिकी. कॅनडात शिरताना १०,००० कॅनेडियन किंवा त्याहून जास्त रोख जाहीर करावी लागते, आणि १.३७ ला ती मर्यादा ७,३०० अमेरिकीलाच गाठली जाते. अमेरिकेतून बाहेर पडताना १०,००० अमेरिकीच्या वर असेल तर तिथला फॉर्म वेगळा. जाहीर करण्यावर शुल्क नाही. लपवली तर जप्ती आणि दंड. चेकही यात मोजले जाऊ शकतात, म्हणून बाकी प्रत्येकाने आपापल्या कार्डावर, निघण्याच्या ३० दिवस आधी भरावी, असं बुकिंगच्या पत्रातच लिहा.