पीजीसीई, क्यूटीएस की बी.एड.? परदेशी शाळेत शिकवताना घेतलेल्या प्रमाणपत्राचे परीक्षण

गेल्या जूनमध्ये एका ब्रिटिश विद्यापीठाचे पीजीसीईचे (पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट इन एज्युकेशन, म्हणजे अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) प्रमाणपत्र कुरियरने कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी आले, तेव्हा आईने ते उलटसुलट पाहून विचारले, "यावर तुला इथल्या शाळेत लागता येईल का?" मस्कतमधील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेत मी सहा वर्षे भौतिकशास्त्र शिकवले होते, हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून चांगल्या श्रेणीत पूर्ण केला होता आणि त्यासाठी शिलकीतला मोठा वाटा खर्ची घातला होता, तरीही आईच्या प्रश्नाला "नाही" एवढेच उत्तर देणे भाग पडले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातून आखातात आणि पूर्वेकडील देशांत शिकवायला जाणाऱ्या तरुणांची संख्या पाहता, मी घेतलेल्या अभ्यासक्रमाचे आणि त्याच्या पर्यायांचे परीक्षण सविस्तर लिहून ठेवणे उपयोगी पडेल असे वाटते.

माझी पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर बी.एड. न करताच मला परदेशात नोकरी मिळाली. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांत विषयाचे ज्ञान आणि इंग्रजी चांगले असले की सुरुवातीला प्रशिक्षणाविषयी फारसे कोणी विचारत नाही. विचारणा होते ती करार वाढवताना, विभागप्रमुखाची जागा रिकामी झाल्यावर, किंवा अधिक चांगल्या शाळेत अर्ज करताना. माझ्या बाबतीत तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितले की, पुढच्या वेतनश्रेणीसाठी अध्यापनाची मान्यताप्राप्त पात्रता लागेल. त्या उन्हाळी सुटीत मी कोल्हापुरात आलो आणि शहरातील एका सल्लागाराकडे गेलो. त्याने तासाभराच्या बैठकीचे शुल्क घेऊन सांगितले की, पीजीसीई आणि क्यूटीएस ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. हे विधान चुकीचे आहे हे मला दोन वर्षांनी कळले, आणि तोपर्यंत शुल्काचा शेवटचा हप्ताही भरून झाला होता.

खरा फरक असा आहे. पीजीसीई ही विद्यापीठाने दिलेली शैक्षणिक पात्रता आहे. तिचे श्रेयांक (क्रेडिट) पदव्युत्तर दर्जाचे, बहुधा ६० असतात आणि १८० श्रेयांकांच्या इंग्लंडमधील पदव्युत्तर पदवीचा तो तिसरा हिस्सा होतो. क्यूटीएस म्हणजे 'क्वालिफाइड टीचर स्टेटस' हा मात्र इंग्लंडच्या सरकारी व्यवस्थेतील व्यावसायिक दर्जा आहे. इंग्लंडमध्ये राहून प्रशिक्षण घेणाऱ्याला अनेकदा दोन्ही एकत्र मिळतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाची गल्लत होते. परंतु परदेशात बसून दूरस्थ पद्धतीने केलेल्या पीजीसीईबरोबर क्यूटीएस आपोआप येत नाही. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत हे लिहिलेले असते. मी ते वाचले नव्हते, हा दोष माझा. विचारल्यावर चुकीचे उत्तर मिळाले, तो दोष सल्लागाराचा.

अभ्यासक्रमाविषयी मात्र माझी तक्रार फार थोडी आहे, किंबहुना शिक्षण म्हणून तो मला आवडला. ओमानमध्ये शाळेचा आठवडा रविवार ते गुरुवार असतो, त्यामुळे शनिवारच्या ऑनलाइन चर्चासत्रांना रजा न घेता बसता येई. विद्यापीठाचे ग्रंथालय घरबसल्या उघडे होते. निबंधांवर मार्गदर्शकांनी दिलेले अभिप्राय कधीकधी निबंधापेक्षा लांब असत आणि त्यांत कौतुक कमी, प्रश्न जास्त असत. पहिल्याच निबंधात मी लिहिले होते की, माझे विद्यार्थी न्यूटनचे नियम समजून घेतात. त्यावर समासात एवढीच नोंद आली की, हे तुम्हाला कशावरून कळले. त्या नोंदीने मी आठवडाभर अस्वस्थ होतो. मग वर्गात उदाहरणे सोडवण्याआधी मुलांना साधे प्रश्न विचारायला लागलो, तेव्हा दिसले की सूत्र अचूक वापरणारी निम्मी मुले अजूनही असे मानतात की, वर फेकलेल्या चेंडूवर हाताचा जोर शेवटपर्यंत काम करत राहतो. सहा वर्षांतल्या पहिल्या चार वर्षांत मी हे कधी तपासलेच नव्हते. एवढ्यासाठी तरी पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

उणीव दिसली ती वेगळ्याच ठिकाणी. संपूर्ण वर्षात माझा एकही तास कोणी वर्गात बसून पाहिला नाही. सगळे मूल्यमापन लेखी होते. उत्तम लिहिणारा आणि मध्यम शिकवणारा माणूस या अभ्यासक्रमातून सन्मानाने बाहेर पडू शकतो, आणि मी तसा नाही याचा कोणताही पुरावा त्या प्रमाणपत्रात नाही. माझ्या धाकट्या बहिणीने त्याच काळात कोल्हापुरात बी.एड. केले. तिच्या फायली घरात जागोजाग पसरलेल्या असत: सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, पाठ टाचणे, लाल शाईने भरलेली निरीक्षणपत्रे, आंतरवासितेची, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाची, नोंदवही. मी त्या कागदांना हसत असे. देशातील शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एनसीटीई या परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव बंधनकारक झाला. ही अट कंटाळवाणी वाटली तरी परदेशात कागद तपासणारा माणूस नेमकी तीच शोधतो, हे मला फार उशिरा समजले.

याचे सर्वांत सोपे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे स्थलांतरासाठी शिक्षकांचे कौशल्यमूल्यांकन करणारी संस्था चार वर्षांचे उच्चशिक्षण, त्यात किमान एक वर्षाचे शिक्षक-प्रशिक्षण आणि किमान ४५ दिवसांचे देखरेखीखालील प्रत्यक्ष अध्यापन मागते. शिवाय आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन व लेखनात ७ आणि श्रवण व संभाषणात ८ गुण लागतात. माझ्या प्रमाणपत्रात देखरेखीखालील अध्यापनाचा एकही दिवस नोंदलेला नसल्यामुळे तो दरवाजा माझ्यासाठी बंदच राहिला, तर बहिणीच्या आंतरवासितेच्या नोंदवहीत ते दिवस शिक्क्यासह मोजून ठेवलेले आहेत.

अमेरिकेचा मार्ग निराळा आहे, कारण तेथे देशाचा म्हणून एक परवाना नाही. प्रत्येक राज्य आपला परवाना देते. मस्कतमधील माझ्या एका सहकाऱ्याने वॉशिंग्टन डी.सी.च्या परवान्यापर्यंत नेणारा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडला, शिक्षकांच्या परवान्यासाठी असलेल्या प्रॅक्सिस परीक्षा दिल्या आणि परवाना मिळवला. अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांत त्याला त्याचा थेट उपयोग झाला. आपल्या मुलांनी येथे एकच गोष्ट आधी तपासावी: पदवीचे मूल्यांकन. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची असते आणि अमेरिकी मूल्यांकन-संस्था तिला चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानतीलच असे नाही; एम.एस्सी. जोडलेली असेल तर प्रश्न बहुधा सुटतो, नुसत्या बी.एस्सी.वाल्याने अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी मूल्यांकन करून घ्यावे. वेळेचेही गणित आहे. वॉशिंग्टनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा मस्कतमध्ये पहाटेचे तीन वाजलेले असतात, त्यामुळे थेट वर्ग कोणत्या गटासाठी कधी भरतात हे विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये.

परदेशात राहूनच इंग्लंडच्या तोडीचा दर्जा हवा असेल, तर आता आयक्यूटीएस, म्हणजे 'इंटरनॅशनल क्वालिफाइड टीचर स्टेटस', हा पर्याय आहे. २०२२-२३ या वर्षात प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या योजनेत इंग्लंडला न जाता, आपण नोकरी करतो त्याच देशातील शाळेत मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण होते, आणि ते पूर्ण करणाऱ्याला इंग्लंडच्या शिक्षण विभागाकडे क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. मी आज सुरुवात करत असतो, माझी शाळा मार्गदर्शक द्यायला तयार असती आणि कायम बाहेरच राहायचे ठरलेले असते, तर दूरस्थ पीजीसीईऐवजी हाच मार्ग घेतला असता. या तिन्ही अटी एकाच माणसाच्या बाबतीत जुळणे सोपे नाही, विशेषतः शाळेची. अनुभवी शिक्षकांचे थेट मूल्यमापन करून क्यूटीएस देणारा मार्गही आहे. तो जास्तीत जास्त बारा आठवड्यांचा असला तरी त्यासाठी इंग्लंडचीच वाट धरावी लागते, हे मी चौकशी केलेल्या सर्व ठिकाणी कळले.

आता ज्या गोष्टीमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले तिच्याकडे येतो. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने क्यूटीएससाठी अर्ज करू शकणाऱ्या देशांच्या यादीत भारताचाही समावेश केला. भारतातून पात्रता मिळवलेल्या शिक्षकांसाठी ही सोय ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण, पात्र शिक्षक म्हणून किमान एका शालेय वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा एवढे लागते, आणि अर्जाला शुल्क नाही. माझ्या बहिणीने बी.एड.नंतर शहरातल्या एका शाळेत दोन वर्षे गणित शिकवले, विद्यापीठातून गुणपत्रकांच्या प्रती आणि इंग्रजी माध्यमाचा दाखला आणला, आणि घरच्या संगणकावरून अर्ज केला. काही महिन्यांनी तिला जो दर्जा मिळाला, तो मी पौंडांत शुल्क भरून केलेल्या अभ्यासक्रमातून मिळालेला नव्हता. क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे आणि व्हिसा तर नव्हेच, हे खरे. इतिहास-भूगोलाच्या किंवा प्राथमिकच्या शिक्षकाला या सोयीचा उपयोग नाही, हेही खरे. पण विज्ञान-गणिताच्या मुलामुलींना आपल्याकडे कोणीही "बी.एड. करून काय होणार" असे सुनावतो, तेव्हा या गोष्टीची माहिती त्याला नसते. भारतीय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातले आणि त्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. तरीही शिक्षकाच्या प्रशिक्षणाला सर्वांत कमी लेखणारी माणसे मला याच जिल्ह्यात भेटली, आणि त्यांत बराच काळ मी स्वतः होतो.

बी.एड.संबंधी एक धोक्याची सूचना द्यायला हवी. परदेशात नोकरी चालू असताना "फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही बघतो" असे सांगणारी माणसे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. नियमित बी.एड.च्या दोन वर्षांच्या तारखा आणि परदेशातील नोकरीच्या अनुभवपत्रावरील तारखा एकमेकींवर आल्या की पुढची कोणतीही चांगली शाळा ते पाच मिनिटांत पकडते, आणि पारपत्रावरील शिक्के उरलेली साक्ष देतात. मग प्रमाणपत्र आणि अनुभव दोन्ही संशयास्पद ठरतात. मुक्त विद्यापीठांचे बी.एड. हाही परदेशातल्या नवख्या शिक्षकासाठी सहसा मार्ग नसतो, कारण ते आधीच प्रशिक्षित किंवा सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आखलेले आहे.

कागदपत्रांच्या साक्षांकनाचा खर्च आणि वेळ कोणत्याच माहितीपत्रकात दिसत नाही. भारतीय प्रमाणपत्रावर आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल, म्हणजे दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीची मोहोर, हा क्रम आहे. ओमानला तो चालतो, संयुक्त अरब अमिरातीला मात्र त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन वेगळे लागते. माझे ब्रिटिश प्रमाणपत्र मी मुंबईत ॲपोस्टिलसाठी देऊ केले, तेव्हा ते परत करण्यात आले, कारण ज्या देशाचा दस्तऐवज त्याच देशात त्यावर ही मोहोर उठते. प्रमाणपत्र पुन्हा इंग्लंडला, तेथून पुन्हा राजारामपुरीत, असा त्याचा प्रवास माझ्यापेक्षा जास्त झाला आहे.

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची अध्यापन प्रमाणपत्रे आणि केंब्रिजच्या व्यावसायिक विकास पात्रता यांविषयीही विचारणा होते. त्या त्या अभ्यासक्रमाच्या शाळांत त्या वजनदार ठरतात, परवान्याची जागा घेत नाहीत. आधी परवाना मिळवून मग त्या घ्याव्यात.

आता माझे मत. दूरस्थ पीजीसीईला शिक्षण म्हणून पाचपैकी चार गुण देईन, पात्रता म्हणून दोन. आणि हे दोन गुणही फक्त माझ्या मस्कतच्या शाळेने त्यावर वेतनश्रेणी वाढवली म्हणून. ज्याला कायम बाहेर राहायचे आहे, सध्याच्याच प्रकारच्या शाळांत बढती हवी आहे आणि बी.एड. करायला दोन वर्षे देता येणे शक्य नाही, त्याने तो अवश्य करावा. ज्याला कधीतरी परत यायचे आहे, किंवा आई-वडिलांमुळे परत यावे लागणार आहे, त्याने बी.एड. न करता कोल्हापूर सोडू नये. परत आल्यावर शहरातील एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात मी माझे प्रमाणपत्र दाखवले, तेव्हा लिपिकांनी अत्यंत आदराने ते दोन्ही हातांनी परत दिले आणि विचारले, "सर, हे एनसीटीईचे आहे का?"

यंदा मी राज्याच्या बी.एड. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. सहा वर्षे शिकवून झाल्यावर सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घ्यायचे आहेत, आणि माझी पाठ टाचणे तपासून देण्याचे बहिणीने आनंदाने कबूल केले आहे. लाल शाईचे पेन तिने आधीच आणून ठेवले आहे.