पुडीतला दगड, काचेवरचा दगड: सहा महिन्यांच्या भूशास्त्र अभ्यासक्रमाबद्दल

डिचोलीजवळच्या एका खाणीच्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं लोखंडाचं टायट्रेशन केलं, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडून नमुन्यात लोखंड किती टक्के ते मोजलं. त्या चौदा वर्षांत दगड माझ्यापर्यंत दगड म्हणून कधी पोचलाच नाही. यायची ती पुडी. पिठासारखी दळलेली, १०५ अंशांवर वाळवलेली, वर मार्करने नंबर. अर्धा ग्रॅम तोलायचा, हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून विरघळवायचा, स्टॅनस क्लोराईडच्या थेंबांनी पिवळेपणा घालवायचा, थंड करून मर्क्युरिक क्लोराईड घालायचं, मग ब्युरेटमधून डायक्रोमेट सोडायचं. जांभळा रंग टिकला की आकडा लिहायचा. ५६.२. ५८.७. पुढची पुडी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर काम थांबलं. त्यानंतरची वर्षं मी शिकवण्या घेऊन काढली. २०२२ च्या शेवटी खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले तेव्हा वाटलं, पुन्हा लॅबमध्ये जायचं तर या वेळी नुसती पुडी घेऊन बसायचं नाही. म्हणून हा अभ्यासक्रम केला. पदव्युत्तर पातळीचा, पण नोकरी करणाऱ्यांना जमावा म्हणून शनिवार-रविवारी ठेवलेला. विषय दोन: खडक आणि खनिजांचा अभ्यास, आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यांचं विश्लेषण. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे, भूशास्त्राचा गंध नव्हता. विभागाचं नाव इथे लिहीत नाही. मला जे आवडलं आणि जे खटकलं ते प्रवेश घेण्याआधी कुठल्याही विभागाला विचारता येईल, म्हणून लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "पुढच्या शनिवारी प्रत्येकाने आपला एक दगड आणायचा. कुठलाही चालेल, पण सहा महिने तोच." कोणी चोर्ला घाटातला बेसाल्ट आणला, काणकोणच्या मुलाने पाळोळ्याचा ग्रॅनाईट. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मोठी करताना भिंत फोडली होती, त्यातला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा परसात पडून होता. मी तो नेला. वर्गातली मुलं जरा बघत राहिली, कारण चिरा म्हणजे आपल्याकडे घर बांधायची वस्तू, त्याचा अभ्यास कसला करायचा! मॅडम मात्र खूश झाल्या. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने केरळमधल्या अंगडीपुरमजवळ हाच दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराईट' नाव दिलं, हे मला त्या दिवशी कळलं. ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि वाऱ्यावर घट्ट होतो, हे मात्र आमच्या गवंड्याने आधीच सांगितलेलं होतं.

या अभ्यासक्रमाचं खरं सोनं आहे ते पातळ छेदाच्या खोलीत. दगडाची चकती कापायची, एक बाजू गुळगुळीत घासून काचेवर चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची. इतक्या जाडीला बहुतेक खनिजांतून उजेड आरपार जातो. जाडी बरोबर आली की नाही हे बघायला क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) असतो: सूक्ष्मदर्शकाखाली, आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये (उजेड एकाच दिशेने कंप पावू देणाऱ्या दोन गाळण्या, एकमेकींना काटकोनात) तो फिकट राखाडी दिसला पाहिजे. पिवळसर दिसला तर छेद अजून जाड आहे. हे मोजमाप मला फार आवडलं. वेगळं उपकरण लागत नाही, दगडातलाच एक कण तुमची चूक दाखवतो.

माझा चिरा पहिल्यांदा घासताना चुरा होऊन काचेवरून निघून गेला. दुसऱ्यांदाही. तिथले तंत्रज्ञ निवृत्तीला आलेले गृहस्थ आहेत, त्यांनी तुकडा हातात घेतला, फुंकर मारून भोकं बघितली आणि म्हणाले, "बाय, घाय करूं नाका." मग त्यांनी तुकडा वाळवला, निर्वात भांड्यात ठेवून त्याच्या पोकळ्यांत रेझिन मुरवलं आणि रात्रभर सुकू दिलं. कापल्यावर पुन्हा एकदा वरून रेझिन. शेवटच्या घासणीला यंत्र बंद करून काचेच्या तुकड्यावर, कार्बोरंडम या घासायच्या कठीण भुकटीच्या बारीक पुडीत, बोटांनी आठ-आठ वळसे. दर चार वळशांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तिसरा छेद टिकला. त्या माणसाने वर्गात एकही व्याख्यान दिलं नाही, पण मी सर्वांत जास्त शिकले ते त्यांच्याकडून.

चिऱ्याचा छेद बघताना आधी निराशा होते, कारण लोहखनिजातून इतक्या पातळ छेदातही उजेड फारसा जात नाही. बराचसा भाग काळा. अधेमधे क्वार्ट्झचे कडा खाल्लेले कण. म्हणून त्याच तुकड्याचा चकचकीत पॉलिश केलेला पृष्ठभाग तयार करून वरून उजेड टाकायचा. तसं केलं तेव्हा काळ्याचे दोन भाग झाले. एक पांढुरका, तेजाळ: हेमॅटाइट. दुसरा मळकट राखाडी, पोकळ्यांच्या कडेने पापुद्र्यांसारखा साठलेला: गोएथाइट. दोन्ही खनिजं बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर ओढली तर एकाची रेघ तांबडी, दुसऱ्याची पिवळट तपकिरी.

इथे मला थांबावं लागलं. लॅबमध्ये मी 'एलओआय' काढत होते, म्हणजे नमुना हजार अंशांच्या आसपास तापवल्यावर किती वजन उडतं ते. ग्राहकाच्या कागदावर तो एक रकाना होता. आकडा वाढला की वरून फोन यायचा. तो वाढतो का, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शुद्ध हेमॅटाइटमध्ये पाणी नाही, लोखंड जवळजवळ ७० टक्के. गोएथाइटच्या रचनेतच सुमारे १० टक्के पाणी असतं, म्हणून लोखंड ६३ वर येतं. सोबत गिब्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज असेल तर त्यात पाणी ३५ टक्क्यांच्या घरात. चौदा वर्षं मी भट्टीतून जे उडवून लावत होते ते या राखाडी पापुद्र्यांत बसलं होतं. मी आयपीसला डोळा लावून किती वेळ बसले ठाऊक नाही. शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, माझी पाळी आली."

पाळीचा मुद्दा आलाच आहे तर सांगते. वरून उजेड टाकणारे सूक्ष्मदर्शक दोनच, आणि आम्ही अठरा जण. पॉलिश केलेल्या नमुन्यांच्या आठवड्यात प्रत्येकाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. प्रवेश घेण्याआधी हे विचारून घ्या. सूक्ष्मदर्शकाची सवय व्हायला डोळ्यांना तास लागतात आणि ते तास फीमध्ये धरलेले असले पाहिजेत.

क्षेत्रभेटी दोन झाल्या. दोनापावलच्या खडकांवर मेटाग्रेवॅक (दाबाखाली बदललेला जुना वालुकाश्म) आणि त्याच्या डोक्यावर चिऱ्याची टोपी, मग सत्तरीतून वर दख्खनचा बेसाल्ट. दोन्ही दिवस चांगले गेले.

नमुना घेण्याच्या धड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. ढीग शंकूसारखा रचायचा, चपटा करायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे. आमचे सॅम्पलर पोरगे हे रोज करत, मला त्यातला शेवटचा चिमूटभर भाग मिळे. इथे शिकवलं ते असं: कणाचा आकार दुप्पट झाला तर तेवढाच विश्वास टिकवायला नमुन्याचं वजन साधारण आठपट घ्यावं लागतं. ढेकळांच्या ढिगातून पिशवीभर नमुना घेतला तर पुढे कितीही काटेकोर टायट्रेशन करा, चूक आधीच झालेली असते. एकदा आमचा आकडा आणि बंदरावरचा आकडा दीड टक्क्याने वेगळा आला होता. तीन दिवस मी द्रावणं पुन्हा पुन्हा तपासली, आणि त्या पोराला सगळ्यांसमोर बोलणी बसली. त्याला पिशवी लहान दिली होती. त्या दिवशी हे मला समजलं असतं तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

आकडेवारीचा भाग मला कमी पडला. आशय उत्तम होता, वेळ फक्त चार शनिवार-रविवार. पायथॉन ही संगणकाची भाषा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, आलेख, सगळं त्यातच. तरुण मुलांनी तयार कोड उतरवून घेतला आणि पुढे गेली. सरावाला दिलेली माहितीही परदेशातल्या ज्वालामुखी खडकांची होती. गोव्यात बसून लोहखनिजाची आकडेवारी सरावाला मिळू नये याची मला खंत वाटते.

तरी त्यातला एक तास मी विसरणार नाही. मी लोखंड आणि सिलिका यांचा आलेख काढला. एक वाढतं तसं दुसरं उतरतं, सुंदर सरळ रेघ. सर म्हणाले, "सगळ्यांची बेरीज शंभरच असेल तर दुसरं काय होणार?" शंभराची पोळी आहे, एकाचा तुकडा मोठा झाला की बाकीचे आपोआप लहान. रेघ दिसली म्हणजे निसर्गातलं नातं सापडलं असं नाही. कार्ल पिअर्सनने १८९७ मध्येच याबद्दल बजावून ठेवलं होतं. त्यावर जॉन एचिसनने १९८० च्या दशकात सुचवलेला उपाय म्हणजे टक्क्यांऐवजी दोन घटकांच्या गुणोत्तराचा लॉग घेऊन काम करायचं. वर्गात हे घाईत उरकलं. घरी मी मुलीला शेजारी बसवून तीन रात्री आमच्या अठरा दगडांचे आकडे तसे मांडले, तेव्हा कुठे हातात आलं.

नकाशाच्या दिवशी डिचोलीतल्या विहिरींच्या ठिकाणांची माझी यादी क्यूजीआयएसमध्ये टाकली तर डिचोलीचे सगळे ठिपके थेट आंध्रात, ओंगोलजवळ जाऊन पडले. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे असतात; गोवा ४३ व्या पट्ट्यात येतो, मी ४४ निवडला होता. सहा अंश पूर्वेला. सरांनी चूक लगेच दुरुस्त केली नाही, आधी सगळ्यांना ठिपके कुठे पडलेत ते बघायला लावलं. ते बरं केलं, आता मी पट्टा तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

एवढ्या त्रुटी धरूनही मी हा अभ्यासक्रम पुन्हा केला असता, आणि खाणीच्या लॅबमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. एकाच दगडाला हातोडीपासून नकाशापर्यंत सोबत न्यायची जी पद्धत आहे, ती असेल तिथेच पैसे भरा. तयार स्लाइडच्या पेट्या आणि तयार तक्ते देणारे वर्ग मीही चौकशीला जाऊन पाहिले, त्यात पुडीच वेगळ्या रंगाची मिळते.

प्रवेश घेणार असाल आणि तुम्हीही चिरा नेणार असाल, तर पहिल्याच शनिवारी छेदाच्या खोलीत सांगून ठेवा आणि तुकडा मुठीपेक्षा मोठा न्या. पहिले दोन बहुधा फुकट जातात, आणि रेझिन दोनदा मुरवायचं म्हणजे एक आठवडा त्यातच जातो.