पिकअपचं डिझेल प्रेशर स्वतः बघायचंय, डोंगल घ्यावं की साधा गेज?

घाटात गाडी दम सोडते, चेक लाइट लागतो, स्कॅनरवर पी0087 हा कोड येतो म्हणजे रेल प्रेशर (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या एकाच जाड नळीतलं प्रेशर) कमी, आणि पुढचं वाक्य ठरलेलंच असतं, पंप उतरवावा लागेल. कॉमन रेलवाली पिकअप असलेल्यांना हे नवीन नाही. पण त्या खर्चात पडण्याआधी आपण एकदा बघून घेऊ असं वाटत असेल तर दोन स्वस्त मार्ग आहेत, एक गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर रेल प्रेशर बघायचं, नाहीतर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून काट्याचा गेज लावायचा. मी दोन्ही वापरलेत. मोठा हातातला स्कॅनर सगळ्यात भारी हे मान्य, पण एका गाडीसाठी तो परवडत नाही, त्यामुळे त्याला बाजूला ठेवतो.

डोंगलचं चांगलं आधी सांगतो. लावायला काहीच कष्ट नाहीत, हाताला डिझेल लागत नाही, कोड पण वाचता येतो. रात्रभर उभी असलेल्या गाडीची चावी ऑन करा, स्टार्ट करू नका, रेल प्रेशर शून्याच्या आसपास पाहिजे. तिथेच चाळीस-पन्नास बार दिसले तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यायचा, पंपाकडे जायचंच नाही. ही एक टेस्ट गेज जन्मात करू शकत नाही. आयडलला साधारण 250 ते 350 बार असतं, गाडीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. फक्त ॲपमध्ये आकडा बऱ्याचदा किलोपास्कलमध्ये येतो, 28000 बघून घाबरू नका, ते 280 बार झाले.

आता मला जे खटकलं ते. ॲप सांगतं रेलमध्ये आत्ता किती प्रेशर आहे, पण ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) किती मागितलं होतं ते सांगत नाही, निदान माझ्या गाडीत तरी नाही, तुमच्या गाडीत दिसत असेल तर तुम्ही नशीबवान. भिवंडीहून माल भरून कसारा चढतोय, गाडी दबायला लागली, शेजारी बसलेला मोबाइल बघून म्हणतो नऊशे बार. बरं मग? ईसीएमने नऊशेच मागितले असतील तर रेलमध्ये काहीच प्रॉब्लेम नाही, टर्बोचा होज (हवेचा पाइप) बघा, आणि तेराशे मागितले असतील तर चोर इथेच आहे. नुसत्या नऊशेवरून काय कळणार? त्यात स्वस्तातली डोंगलं बहुतेक ईएलएम327 या चिपची नक्कल, ॲपमध्ये चार-पाच आकडे एकदम लावले की इतकी हळू चालतात की गाडीने झटका देऊन ती सावरली की मग आकडा हलतो. मी शेवटी शेवटी रस्ता सोडून मोबाइलकडे बघायला लागलो होतो, ते तर अजूनच वाईट.

आणि मुळात रेलचं प्रेशर ईसीएम सांभाळत असतो. फिल्टर चोक व्हायला लागला तरी मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) जास्त उघडून तो भरून काढतो, सपाट रस्त्यावर आकडा जागेवरच दिसतो, आणि ज्या दिवशी त्याची उघडायची हद्द संपते त्या दिवशी घाटात लाइट लागतो. म्हणजे रेलचा आकडा परिणाम दाखवतो, कारण मागेच राहतं.

गेज इथे उजवा वाटला. पण घेताना बघा, काही गाड्यांमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो, तिथे लाइनमध्ये काही बारचं प्रेशर मिळतं, आणि काहींमध्ये इंजिनवरचा पंप स्वतःच टाकीतून ओढतो, तिथे काटा शून्याच्या खाली जातो. म्हणून दोन्हीकडे फिरणारा कंपाउंड गेज घ्या. एसीवाल्या मित्राचा निळा गेज मागून आणू नका, डिझेल गेलं की तो त्याच्या कामाचा राहत नाही.

माझी गाडी ओढणारी. लांब पाइप काढून गेज बाहेरून काचेवर टेपने चिकटवला (डिझेलची लाइन केबिनमध्ये घ्यायची नाही म्हणजे नाही) आणि चढाला लागलो, तर काटा हळूहळू खोल जात राहिला. नवीन फिल्टर टाकला, तरी तेच. मग टी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला घेतला, तरी काटा तेवढाच खोल, म्हणजे अडथळा फिल्टरच्याही मागे. टाकी उतरवली तर आतल्या जाळीवर काळा चिकट गाळ बसलेला. पंप उतरवायचा सल्ला मिळाला होता, तो पंप अजून तोच चालू आहे.

गेजचा त्रास नाही असं नाही. हात घाण होतात, आणि ओढणाऱ्या लाइनमध्ये टीची क्लिप जरा ढिली राहिली तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणजे टेस्ट करता करता नवीनच बिघाड. त्यासाठी मध्ये वीतभर पारदर्शक पाइप टाका, बुडबुडे लगेच दिसतात. काटा ठीक आणि बुडबुडे पण नाहीत तर मग नोझलचं रिटर्न बाटल्यांमध्ये घेऊन बघा, एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा फार लवकर भरली की तो नोझल धरायचा.

एक गोष्ट मात्र पक्की, गेज फक्त लो प्रेशर लाइनला. जुन्या पंपाच्या गाड्यांमध्ये चालू इंजिनवर नोझलचा नट ढिला करून मिस (कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायचे, ती सवय कॉमन रेलवर चालवू नका, तिथे हजार-सोळाशे बारपर्यंत प्रेशर असतं आणि बारीक फवारा कातडीतून आत घुसतो.

तुम्हाला दोन्ही जमत असेल तर घ्या, एवढं काही महाग नाही. एकच घ्यायचं असेल तर मी गेज म्हणेन, आणि चावी ऑनवाल्या टेस्टपुरतं डोंगल कोणाकडून तरी मागून आणा, हल्ली दर तिसऱ्या ड्रायव्हरच्या डॅशबोर्डमध्ये पडलेलं असतं.