बोलेरो पिकअपसाठी घेतलेली ३ टनी जॅक स्टँडची जोडी

गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणूनच जॅकने उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या या स्टँडची जोडी मला मोलाची वाटते. दात्यांत अडकणाऱ्या खटक्याला आडव्या पिनेची जोड असल्याने दांडा घसरण्याची धास्ती राहत नाही, आणि वरची खोबण मागच्या ॲक्सलच्या (मागची दोन चाके जोडणाऱ्या आसाच्या) नळीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ, नेमकी बसते. पाय मात्र अरुंद आहेत. मातीच्या अंगणात ते रुततात, त्यामुळे सपाट काँक्रीटच हवे. मागची बाजू उचलल्यावर हँडब्रेकचा आधार उरत नाही, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेतच. स्टँडवर वजन आल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी, मगच खाली जावे.